सही करू नकोस

डांडिया बाजार, बडोदे
रविवार, रात्री

प्रिय मन्या,

संध्याकाळी काकू आल्या होत्या. बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "त्याची नोकरी गेली. आता जर्मनीचं सरकार त्याला हाकलून देईल का रे?" मी ठामपणे नाही म्हटलं. कशाच्या जोरावर, ते तुला लिहितो.

म्युनिकमध्ये माझ्यावर हीच वेळ आली तेव्हा ऑफिसातल्या बाईंनी दोन पानं पुढे सरकवली. परस्पर संमतीने करार संपवायचा, वर दोन पगार जास्त. मी घाबरलो होतो, जर्मन अर्धवट कळत होतं, तिथेच सही केली. झालं, नोकरी स्वतःहून सोडली असं धरलं गेलं आणि बेकारी भत्ता १२ आठवडे अडकला. नोटीस पिरियडही गेला. माझं ब्लू कार्ड, म्हणजे तिथे राहून काम करायचा परवाना, शाबूत होतं रे, पैसेच संपले. भाडं झेपेना म्हणून परत आलो. अजून सलतं ते.

आपल्या कलाभवनात ड्रॉइंगच्या शीटवर नाव घालण्याआधी तू तीनदा तपासायचास. तसाच वाग. कुठलाही कागद आला तर 'घरी नेऊन वाचतो' एवढंच म्हण.

आणि तुला आलाय तो ईमेलच ना? तिथे कामावरून काढल्याची नोटीस कागदावर, हाताने सही करून द्यावी लागते. ईमेल कायद्याने नोटीस ठरतच नाही. कागद हाती पडला की तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा लावता येतो, पहिल्या पायरीवर वकीलही सक्तीचा नाही. ती मुदत टळली की चुकीची नोटीसही पक्की होते.

कार्डाचं म्हणशील तर ते नोकरीबरोबर मरत नाही. युरोपीय संघाच्या २०२१ च्या निर्देशाप्रमाणे ब्लू कार्ड दोन वर्षांच्या आतलं असेल तर तीन महिन्यांपर्यंतच्या बेकारीवरून ते काढून घेता येत नाही. दोन वर्षं झाली की सहा महिने. मात्र नोकरी संपल्याचं दोन आठवड्यांत परदेशी नागरिकांच्या कचेरीला, आउसलेंडरबेहर्डेला, तू स्वतः कळवायचंस. मी भीतीने गप्प राहिलो होतो, तू राहू नकोस.

रोजगार कार्यालयात नाव नोंदवायला तर तीनच दिवस असतात, उद्याच नोंदव. भत्ता मागायला लाजू नकोस. मागच्या ३० महिन्यांत १२ महिने हप्ते भरलेल्याचा तो विमा आहे, तुझ्याच पगारातून कापलेला. हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण ६० टक्के मिळतात, मूल असेल तर ६७.

तुझे १९ महिने झालेत. जर्मन भाषेची बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षा पास असलास तर २१ महिन्यांच्या कामावर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, नाहीतर २७ लागतात. झालेले महिने वाया जात नाहीत, नव्या नोकरीत पुढे मोजले जातात. ती परीक्षा तू दोनदा पुढे ढकललीस. आता सकाळी वेळ आहे, अभ्यासाला बस.

नोटीस आली तर पाकीटही जपून ठेव, तारखेला महत्त्व आहे. फोटो लगेच मला पाठव, रात्री-अपरात्री कधीही. आणि काकूंना फोन कर. माझ्या 'नाही'वर त्यांचा अर्धाच विश्वास बसलाय.

तुझा,
दिप्या