अनामिकाला भूतकाळ कशाला?

मा. संपादक,

वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या सरहद्दीवरच्या बंदूकबाजांच्या, चित्रपटांवरील आपल्या रविवार पुरवणीतील लेखात सर्जिओ लिओने यांच्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) या चित्रपटाच्या नायकाला ‘निनावी’ म्हटले आहे. हे विशेषण रूढ असले तरी ते चित्रपटातून आलेले नाही. सान मिगेल गावातला शवपेट्या बनवणारा म्हातारा त्याला ‘जो’ अशी हाक मारतो. ‘नाव नसलेला माणूस’ ही ओळख १९६७ मध्ये हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित करताना वितरकांनी जाहिरातीसाठी घडवली. खरे गूढ नावात नाही. हा माणूस कोण, कुठला, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही, त्यात ते आहे.

ही कल्पना अर्थात लिओने यांची नव्हे. अकिरा कुरोसावा यांच्या ‘योजिंबो’मधला (१९६१) सामुराई नाव विचारल्यावर बाहेरच्या तुतीच्या शेताकडे पाहून तिथल्या तिथे एक नाव रचतो. दोन टोळ्यांना झुंजवण्याचे कथानकही त्यातलेच, आणि परवानगी न घेतल्यामुळे पुढे लिओने यांच्या चित्रपटाच्या उत्पन्नाचा १५ टक्के वाटा जपानी निर्मात्यांकडे गेला. तरीही ही निव्वळ नक्कल नव्हे. तोवरच्या हॉलिवूडी वेस्टर्नमधल्या नायकाच्या छातीवर बहुधा शेरीफचा तारा असे, नाहीतर मनात एखादे तत्त्व. इथे दोन्ही नाही. नायक साकारणाऱ्या क्लिंट ईस्टवूड यांनी आपले बरेच संवाद आग्रहाने कमी करून घेतले आणि त्या मोकळ्या जागा पोंचो (डोक्यातून घालायची घोंगडीसारखी शाल), ओठांतला सिगार (ते स्वतः धूम्रपान करत नसत, हे विशेष) व एन्नियो मोरिकोने यांच्या संगीतातली शीळ यांनी भरून काढल्या.

नवऱ्यापासून आणि लहानग्या मुलापासून तोडलेल्या मरिसोल या स्त्रीला चित्रपटाचा हा नायक सोडवतो. हे आमच्यासाठी का करतोस, असे तिने विचारल्यावर, पूर्वी अशीच एक स्त्री पाहिली होती आणि तिच्या मदतीला कोणी नव्हते, एवढेच तो सांगतो. दोन्ही बाजूंकडून पैसे उकळणारा हा माणूस या एकाच बिनफायद्याच्या कृतीपायी अर्धमेला होईपर्यंत मार खातो.

१९७०च्या दशकात अमेरिकी दूरचित्रवाणीला हे मौन सोसले नाही. सबळ कारणाशिवाय माणसे मारणारा नायक घराघरांत नको, म्हणून सुरुवातीला एक नवे दृश्य चित्रित करून जोडण्यात आले, ज्यात हॅरी डीन स्टँटन यांनी रंगवलेला अधिकारी एका कैद्याला सान मिगेल साफ करण्याच्या अटीवर सोडतो. त्या चित्रीकरणात ईस्टवूड नव्हतेच. पाठमोरा दुसराच नट आणि मूळ चित्रपटातले ईस्टवूड यांचे क्लोजअप यांवर निभावून नेले. या ठिगळामुळे तो सरकारी कामगिरीवरचा माणूस ठरतो आणि मरिसोलची सुटकाही त्या कामगिरीतलीच एक बाब होऊन बसते.

लेखमालेच्या पुढील भागात या जोडदृश्याची दखल घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा