शेडमधला पाऊण तास

खारघर
17 जून 2025

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मी मध्येच बोलतो आणि मग तू नुसतं "हं, हं" करायला लागतेस, म्हणून लिहितोय. गेल्या आठवड्यात तू म्हणालीस, "बाबा, पुढच्या वेळी याल तेव्हा गोल्फची बॅग घेऊन जा, खोलीत उगाच जागा अडते." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. त्यावर माझं जे म्हणणं आहे ते तीन वर्षं राहून गेलेलं आहे. रविवारी रात्री जे पाहिलं, त्याने ते वर आलं.

गोल्फच्या यूएस ओपनची शेवटची फेरी होती. मी हॉलमध्ये दिवा बंद करून मोबाइलवर स्कोअर बघत बसलो होतो. बाहेर धो धो पाऊस, ग्रिलवर पागोळ्यांचा आवाज. आई मध्ये एकदा उठली, पाणी प्यायली आणि "उद्या ऑफिस आहे तुम्हाला" एवढंच म्हणून गेली. हे पत्र पोस्टात पडण्याआधी तीच वाचणार आहे, म्हणून तुला माहीत असलेल्या काही गोष्टी तिच्यासाठी फोडून लिहितो. कंटाळू नकोस.

जे. जे. स्पॉन हे नाव तुला माहीत असेल. चौतीस वर्षांचा. लहानपणापासून ज्याचं नाव घेतलं जातं अशातला तो कधीच नव्हता. कॉलेजच्या टीममध्येही शिष्यवृत्तीवर कोणी घेतलं नव्हतं, स्वतः जाऊन जागा मिळवली. मध्ये त्याला टाइप 2 मधुमेह सांगितला गेला, त्यावर तीन वर्षं काढल्यावर कळलं की तो टाइप 1 आहे. इतक्या वर्षांत पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धांमध्ये, त्याचा एकच विजय होता, 2022 चा टेक्सासचा. यंदा मार्चमध्ये प्लेयर्स चॅम्पियनशिपला तो रॉरी मॅकिलरॉयशी बरोबरी करून प्ले-ऑफपर्यंत गेला आणि तिथे सतराव्या होलला, चारी बाजूंनी पाणी असलेल्या त्या ग्रीनवरून (ग्रीन म्हणजे खळग्याभोवतालची बारीक कापलेली हिरवळ), त्याचा चेंडू पलीकडे पाण्यात गेला. असा माणूस मेजर, म्हणजे चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकेल असं मला तरी वाटलं नव्हतं.

आणि मैदान कुठलं, तर ओकमाँट. पिट्सबर्गजवळचं, 1903 सालचं. यूएस ओपन तिथे यंदा दहाव्यांदा झाली, इतक्या वेळा दुसऱ्या कुठल्याच मैदानावर झालेली नाही. तिथली ग्रीन इतकी वेगवान की 1935 ची यूएस ओपन तिथे पाहून एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या माणसाला ग्रीनचा वेग मोजायचं साधन सुचलं. ते वाचलं आणि मला आजोबा आठवले. चेंबूरच्या क्लबात माळीकाम करताना त्यांच्याकडे कसलं साधन होतं? उकिडवे बसायचे, हाताचा पंजा गवतावरून उलटा-सुलटा फिरवायचे आणि सांगायचे, आज चेंडू पळणार की रांगणार. तुला पहिल्यांदा खारघर व्हॅलीच्या कोर्सवर नेलं तेव्हा तेही आले होते. आठवतंय? पावसाची सर येऊन गेली होती, समोर पांडवकडा धबधब्याचा पांढरा पट्टा दिसत होता. त्यांनी तुला ग्रीनच्या कडेला बसवलं आणि म्हणाले, "पानी कुटं वाहतंय बघ पोरी. चेंडूबी तिकडंच जानार."

तर स्पॉन. शनिवार संपला तेव्हा तो एका फटक्याने मागे होता, म्हणजे रविवारी जिंकायची पुरती संधी होती. त्या रात्री त्याच्या धाकट्या मुलीला उलट्या सुरू झाल्या आणि पहाटे तीनच्या सुमाराला हा औषध आणायला दुकानात. मग मैदानात आला आणि पहिल्या सहा होलमध्ये पाच बोगी. (आईसाठी: होलला ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक जास्त लागला की बोगी, एक कमी लागला की बर्डी.) दुसऱ्या होलला तर फटका इतका सरळ होता की चेंडू झेंड्याच्या काठीवर आपटला आणि उलटा ग्रीनच्या बाहेर लांब घरंगळत गेला. चांगल्या फटक्याला बोगी. पहिल्या नऊ होलला त्याला चाळीस फटके लागले, ठरलेल्यापेक्षा पाच जास्त. याच माणसाने गुरुवारी याच मैदानावर एकही बोगी न करता 66 ची फेरी खेळली होती.

आणि मग पाऊस आला. खेळ थांबला, तासाहून जास्त वेळ. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. तो चार फटके मागे होता. मी मनात म्हटलं, संपलं आता याचं. पण झोपायला गेलो नाही, कारण तो थांबलेला स्कोअरबोर्ड बघता बघता मी ओकमाँटवर राहिलोच नाही. मी त्या शेडमध्ये जाऊन पोचलो होतो.

तुला कुठली शेड ते सांगायला नको. जुलै 2022, तुझी ती ज्युनियर स्पर्धा. सात होलमध्ये तू ठरलेल्यापेक्षा नऊ फटके वर होतीस. गडगडाट झाला, भोंगा वाजला, सगळे धावत पत्र्याच्या शेडमध्ये. पाऊण तास. तू बाकावर बसलीस, डब्यातून आईने दिलेली गूळ-तुपाची पोळी काढलीस. आणि मी तुझ्या खिशातून स्कोअरकार्ड काढून सुरू झालो. तिसऱ्या होलला वेज (चेंडू उंच उडवायची काठी) का नाही घेतलंस, पाचव्याला पट करताना (ग्रीनवरचा हलका फटका मारताना) मान का वर केलीस, सरांनी काय सांगितलं होतं. एकेक होल. तू काही बोलली नाहीस. डाव्या हातातल्या ग्लोव्हचं वेल्क्रो उघडत होतीस आणि लावत होतीस. चर्र, चर्र. पत्र्यावर एवढा पाऊस असूनही तो आवाज मला ऐकू येत होता, आणि तरी मी थांबलो नाही. पोळी तू एक घास खाऊन परत डब्यात ठेवलीस.

पुढच्या होलचं मला काही आठवत नाही. तू फेरी पुरी केलीस, कार्डावर सही केलीस आणि घरी येईपर्यंत गाडीत खिडकीबाहेर बघत राहिलीस. पुढच्या आठवड्यात म्हणालीस, अकरावीचा अभ्यास आहे, सकाळचं जाणं जमणार नाही. मी ते खरं मानलं, कारण खरं मानणं माझ्या सोयीचं होतं.

त्या महिन्यात मी पीएफमधून पैसे उचलले होते. तुला हे कधी सांगितलं नाही. कोचिंगची फी, तो सेकंड-हँड सेट, स्पर्धांचं येणं-जाणं, सगळं मिळून हातातोंडाची गाठ पडणं कठीण झालं होतं. तुझा प्रत्येक चुकलेला फटका मला पैशात दिसायचा. ते तुझ्यावर काढलं आणि त्याला मी "समजावून सांगणं" म्हणत होतो. सोळा वर्षांच्या मुलीवर. मनू, माझं चुकलं. मला माफ कर.

स्पॉनने त्या पावसात काय केलं ते मी काल ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. त्याने ओले कपडे बदलले. त्याच्या कोचनी त्याला सांगितलं की फार जोर लावतोयस, जरा शांत हो, आता जे होईल ते होऊ दे. बस. कोणी झालेल्या बोगी मोजत बसलं नाही. डबा तसाच पुढ्यात ठेवून मी ते तीनदा वाचलं.

खेळ पुन्हा सुरू झाला. बाराव्याला चाळीस फुटांवरून पट गेला. चौदाव्याला आणखी एक लांबचा. पंधराव्याला परत बोगी, पण आता त्याचं काही बिघडलं नाही. सतराव्याला त्याने टीवरूनच, म्हणजे पहिल्याच फटक्यात, चेंडू ग्रीनवर टाकला आणि बर्डी घेतली. मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो होतो, अंधारात, एकटाच. अठराव्याला पट उरला होता चौसष्ट फुटांचा. सर्वांत जवळचा स्पर्धक रॉबर्ट मॅकइन्टायर एक फटका मागे राहून आधीच खेळून आत बसला होता. दोन पटांत घातला असता तरी स्पॉन जिंकत होता. पण त्याच्या जोडीला खेळणाऱ्या व्हिक्टर हॉव्हलँडचा चेंडू जवळजवळ त्याच रेषेत होता, त्याने आधी मारला. स्पॉनने तो कसा वळतो ते नीट बघून घेतलं. मग आपला मारला. चौसष्ट फूट, ओल्या ग्रीनवर, आणि चेंडू आत. सव्वापाच वाजत आले होते. तो व्हिडिओ नंतर मी कितीदा पाहिला असेन. चेंडू वळायला लागतो तिथे मला दर वेळी आजोबांचा पंजा दिसतो.

चार दिवस मिळून पारच्या, म्हणजे ठरलेल्या फटक्यांच्या, खाली राहिलेला तो एकटाच, एक फटका खाली. आत टीव्हीवर बघत असलेल्या मॅकइन्टायरने टाळ्या वाजवल्या, ते मला फार आवडलं. अमेरिकेत त्या दिवशी फादर्स डे होता. त्याच्या दोन्ही मुली तिथे होत्या, रात्रभर आजारी असलेली धाकटीसुद्धा.

तू म्हणशील, बाबा आता परत खेळायला लावणार. तसं नाही गं. अदिती अशोकची टोकियो ऑलिम्पिकमधली गोल्फची शेवटची फेरी आपण दोघांनी मिळून बघितली होती, 7 ऑगस्ट 2021, संध्याकाळी नीरजचं सुवर्ण आलं तोच दिवस. तिथेही शेवटाकडे वादळाने खेळ थांबला होता आणि पदक एका फटक्याने गेलं. तिची बॅग तिची आई घेऊन चालत होती. तू तेव्हा मला म्हणाली होतीस, "तिची आई काहीच बोलत नाही, बघा ना. नुसती चालतेय." मी ऐकलं होतं. वर्षभराने शेडमध्ये विसरलो.

एक मात्र मला कळलेलं नाही. खेळायचंच नव्हतं तर मागच्या वर्षी पुण्याला जाताना ती बॅग तू स्वतः उचलून रिक्षात का टाकलीस? उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

रविवारी सकाळी कळंबोलीहून पहिली गाडी पकडून येतोय. भाजणी आणि मेतकूट आई देते आहे, तुझ्या रूममेटसाठी वेगळी पुडी. बॅग न्यायची असेल तर खाली आणून ठेव, नेतो. न्यायची नसेल तर पलंगाखालीच राहू दे, मी विचारणार नाही. ग्लोव्ह आता लहान झाला असेल, नवा घेतला आहे, डाव्या हाताचा, तो भाजणीच्या पिशवीत असेल. सोबत गूळ-तुपाची पोळीही आणतो. आपण दोघं बसून खाऊ.

तुझे
बाबा