अपशिंगेच्या त्या तिघांचे आभार

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी येथे, पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावच्या ४६ जवानांचे स्मारक वडिलांना दाखवण्यासाठी आम्ही गेलो असता, ऐन उन्हात त्यांची साखर उतरली आणि ते घामाघूम होऊन रस्त्याच्या कडेलाच बसले. त्या वेळी धावून आलेले माजी सैनिक काका, दुकानदार ताई आणि मोटारसायकलवरून डॉक्टरांना घेऊन आलेला तरुण यांचे मी मनःपूर्वक आभार मानते. काकांनी वडिलांना सावलीत नेऊन बुटांचे बंद सैल केले. ताईंनी साखरेचे पाणी कालवून, ठसका लागू नये म्हणून चमच्याचमच्याने पाजले. वडील सावरल्यावरही काका उठले नाहीत. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावे लागलेल्या ब्रिटिश-भारतीय फौजेत मराठा पलटणीही होत्या, हे त्यांनी अशा काही तन्मयतेने सांगितले की वडील दुखणे विसरून प्रश्न विचारू लागले. (ते प्रश्न विचारू लागले म्हणजे बरे झाले, असे आई म्हणते.) ताईंनी बिस्किटांचेही पैसे घेतले नाहीत. तिघांनीही नावे सांगण्याचे टाळले. गावातील कोणी हे वाचल्यास, वडिलांची प्रकृती आता उत्तम असल्याचे त्यांना कृपया कळवावे.