शून्यं पुसू न देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

बेडकांच्या मोजणीवरचा माझा प्रबंध परवा सादर झाला. ऋणनिर्देशाच्या पानावर तुमच्या वाट्याला एकच ओळ आली आणि ती मनाला पटेना, म्हणून हे पत्र. उघड अशासाठी लिहितेय, की मी जिथे अडले होते तिथे आजही कुणीतरी अडलेलं असणार.

त्या दुपारी मी तुमच्याकडे आले होते ती खरं तर होकार घ्यायला. रात्री टॉर्च घेऊन डबक्यांतले बेडूक मोजायचे, हे माझं काम. तक्त्यात ओळीमागून ओळ शून्य. साधं पॉयसन मॉडेल, म्हणजे सरासरीवरून कुठला आकडा किती वेळा येईल ते सांगणारं मोजणीचं गणित, बसेना. एकाने सुचवलं, प्रत्येक आकड्यात एक मिळवून लॉग घे. दुसऱ्याने सांगितलं, शून्याच्या ओळी काढूनच टाक. मला तुमच्या तोंडून फक्त 'चालेल' ऐकायचं होतं. तुम्ही लॅपटॉप मिटायला लावलात आणि विचारलंत, "यातलं कोरड्या डबक्याचं शून्य कुठलं?"

मला सांगता येईना. ज्या डबक्यात पाणीच नाही तिथे बेडूक दिसणारच नव्हता. जिथे पाणी आहे, बेडकांचा वावर आहे, तिथे त्या रात्री एकही टॉर्चच्या उजेडात आला नाही, हे वेगळं शून्य. तक्त्यात दोन्ही सारखीच दिसतात. एक मिळवून लॉग घेतला तरी हा फरक कळत नाही, आणि ओळी काढल्या तर विचारायची सोयच उरत नाही.

मग तुम्ही पाठकोऱ्या कागदावर ती घोड्यांची आकडेमोड माझ्याकडून करवून घेतलीत. प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ बसून झालेले मृत्यू, संख्याशास्त्रज्ञ बोर्टकेविच यांनी 1898 मध्ये मांडलेले. सैन्याचे 10 मोठे विभाग (कोअर), 20 वर्षं, म्हणजे 200 नोंदी. त्यांतल्या 109 नोंदी शून्य. मी लगेच म्हणाले, "बघा, इथेही शून्यं जास्त आहेत!" तुम्ही काही न बोलता कॅल्क्युलेटर पुढे सरकवलात. एकूण मृत्यू 122, सरासरी 0.61. पॉयसनप्रमाणे शून्याची संभाव्यता म्हणजे ई-चा (2.718 या स्थिरांकाचा) उणे 0.61 वा घात, 0.543. गुणिले 200: जवळपास 108.7. निम्म्याहून जास्त शून्यं, आणि त्यांतलं एकही जास्तीचं नाही! तो आकडा स्क्रीनवर आला तेव्हा माझे कान गरम झाले होते, ते अजून आठवतंय.

त्याच कागदावर खाली दुसरं गणित आहे. समजा सरासरी 2 आहे. पॉयसन 100 नोंदींत 14 च्या आसपास शून्यं देईल. आता सरासरी तीच ठेवून निगेटिव्ह बायनॉमियल, म्हणजे पॉयसनपेक्षा आकडे जास्त विखुरू देणारं वितरण, घ्या, आणि त्याचा विखुरणीचा आकडा, म्हणजे के, पाव धरा. शून्याची संभाव्यता होते एक-नवमांशाचं चौथं मूळ, 0.577. म्हणजे 58 शून्यं, आणि कुठल्याही कोरड्या डबक्याशिवाय! काही डबकी बेडकांनी गजबजलेली आणि बरीचशी जवळजवळ सुनी असली, की एवढं पुरतं. ग्रीनवुड आणि यूल यांनी 1920 मध्ये अपघातांच्या नोंदींसाठी हेच वितरण वापरलं होतं, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. नुसती शून्यांची गर्दी बघून 'झीरो-इन्फ्लेटेड', म्हणजे वेगळ्या वाटेने आलेली जास्तीची शून्यं असलेलं, म्हणायची माझी घाई तिथे थांबली.

झीरो-इन्फ्लेटेड मॉडेलवरचा लॅम्बर्ट यांचा 1992 चा लेख तुम्ही त्यानंतरच हातात दिलात. सर्किट बोर्डांवरच्या सोल्डरिंगमधले दोष हा त्यांचा विषय. यंत्रणा कधी अशा नेमक्या अवस्थेत असते की दोष होणं जवळपास अशक्य, आणि कधी नसते. त्या दुसऱ्या अवस्थेतही बोर्ड निर्दोष निघू शकतो. म्हणून शून्यं दोन वाटांनी येतात. जॉन मुलाही यांची 1986 ची हर्डल (अडथळा) कल्पना निराळी. आधी उंबरठा ओलांडला की नाही एवढंच बघायचं, आणि ओलांडला असेल तर पुढची मोजणी एकपासून. तिथे सगळी शून्यं उंबरठ्याच्या अलीकडची. दोन्ही मॉडेलं अनेकदा आकड्यांना सारखीच चांगली बसतात. तेव्हा कुठलं घ्यायचं हे डबक्याकडे बघून ठरवायचं, हे तुमचं म्हणणं मला आता मनापासून पटतं. दोन मॉडेलांची तुलना करणाऱ्या व्हुओंग चाचणीच्या भरवशावर शून्यं जास्त आहेत की नाहीत हे ठरवू नको, हेही तुम्ही बजावलंत. ते ऐकलं नसतं तर परीक्षकांसमोर माझी पंचाईत झाली असती.

पुढचं काम कष्टाचं होतं. जुन्या वह्या काढून प्रत्येक डबक्यासमोर पाणी होतं का, मासे होते का, ते भरलं. मग बसवलेल्या मॉडेलमधून हजार खोटे तक्ते काढले आणि प्रत्येकातली शून्यं मोजली. पाणी आणि मासे मॉडेलमध्ये घेतल्यावर माझ्या खऱ्या शून्यांची संख्या त्या हजारांच्या बरोबर मधोमध बसली, साध्या निगेटिव्ह बायनॉमियलने. इन्फ्लेशनचा भाग लागलाच नाही! इतके दिवस तोच शिकण्यात घालवले होते, तरी त्या संध्याकाळी इतका आनंद झाला की पहिला फोन तुम्हालाच केला.

ताई, त्या दिवशी 'चालेल' म्हणणं तुम्हाला सोपं होतं. त्याऐवजी तुम्ही तुमचे तीन तास दिलेत. तो पाठकोरा कागद मी जपून ठेवलाय. आणि यंदाच्या नोंदतक्त्यात बेडकांच्या आकड्याच्या आधी एक नवा रकाना आहे: 'पाणी आहे का?'

तुमची,
बेडूक मोजणारी विद्यार्थिनी