डबा सापडला नाही, तर तसेच लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की जिओकॅशिंगचे ॲप मोबाइलवर घेऊन डबे शोधायला निघणारे नवे चेहरे दिसू लागतात. मी हा खेळ बरीच वर्षे खेळते, माझे स्वतःचेही काही डबे लपवलेले आहेत. त्यामुळे या गर्दीचा मला आनंदच होतो. पण ॲप फक्त जागा दाखवते, खेळाची रीत कोणीतरी सांगावी लागते. म्हणून हे पत्र.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एकाने डबा लपवून त्याची जागा जाहीर करायची; इतरांनी जीपीएसच्या मदतीने तो शोधायचा, आतल्या वहीत सही करायची आणि ऑनलाइन नोंद करायची. याची सुरुवात अशी झाली. जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली खोट अमेरिकेने २ मे २००० रोजी काढून टाकली. शंभर मीटरच्या आसपास चुकू शकणारी यंत्रे एकदम नेमकी जागा दाखवू लागली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. आत वही, पेन्सिल आणि काही वस्तू. त्यातली एखादी घ्या, आपली एखादी ठेवा, एवढाच नियम. (त्या बादलीत घेवड्याचा हवाबंद डबाही होता. आज प्राणी वासाने येतात म्हणून खाण्याचे काहीही ठेवायला मनाई आहे. म्हणजे पहिलाच डबा आजच्या नियमांत नापास!) आता जगभर तीस लाखांहून जास्त डबे आहेत, आणि त्यातला प्रत्येक कोणीतरी स्वतःच्या खर्चाने, हौसेने ठेवलेला आहे. नव्यांच्या नेमके हेच लक्षात येत नाही. त्यांना वाटते, कुठलीतरी कंपनी हे सगळे सांभाळत असणार.

माझे पहिले मागणे ‘सापडला नाही’ या नोंदीबद्दल आहे. नवखे लोक अर्धा तास शोधतात, हात हलवत परततात आणि काहीच लिहीत नाहीत. बहुतेकांना त्यात कमीपणा वाटतो. अहो, मोबाइलचा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतोच. दाट झाडीत किंवा उंच इमारतींमध्ये त्याहूनही जास्त. नॅनो डबा तर बोटाच्या पेराएवढा असतो. तो न सापडण्यात लाज कसली? माझ्यासारख्या डबा ठेवणाऱ्याला मात्र त्या नोंदीचा मोठा आधार असतो. एकाला सापडला नाही तर मी थांबते. लागोपाठ तीन-चार जणांनी तसे लिहिले की टॉर्च आणि नवा डबा घेऊन निघते. कोणी लिहिलेच नाही, तर डबा महिनोन्महिने गायब असतो आणि लोक उगाच खेपा घालत राहतात.

याहून वाईट प्रकार म्हणजे शोधून कंटाळल्यावर आपल्याच खिशातली डबी तिथे ठेवायची आणि ‘सापडला’ म्हणून नोंद करायची. करणाऱ्याला वाटते, आपण मदत केली. पण मूळ डबा बहुधा जागेवरच असतो. मग एका ठिकाणी दोन डबे होतात, पुढच्यांना भलताच सापडतो आणि मला घरबसल्या सगळे आलबेल दिसते. डबा गेला असे वाटले तर मालकाला कळवा, बदली डबा त्याला ठेवू द्या. सुरुवातीला एक-दीड ताऱ्यांचे (तारे कमी, तितका शोध सोपा), आकाराने मोठे डबे निवडा, म्हणजे ही वेळच येणार नाही.

सापडलेला डबा होता तसा, होता तिथेच ठेवा. ‘इथे जास्त छान लपतो’ म्हणून दोन हात पलीकडे सरकवू नका. झाकणाकडे विशेष लक्ष द्या. रबरी कडीत वाळूचा एक कण किंवा वहीच्या पिशवीचा कोपरा अडकला तरी पावसाचे पाणी आत शिरते. मग वहीचा लगदा होतो आणि आधीच्या सगळ्यांच्या सह्या वाहून जातात.

डब्यात कधी धातूचा बिल्ला दिसेल, त्यावर एक क्रमांक कोरलेला असेल. तो ट्रॅकेबल. अदलाबदलीच्या खेळण्यांत तो धरू नका. या बिल्ल्याच्या मालकाने त्याला प्रवासाला सोडलेले असते. पुढच्या डब्यात नेऊन ठेवणार असाल तरच उचला आणि क्रमांकाची नोंद करा. घरच्या खणात पडून राहिला की त्याचा प्रवास संपला.

आसपास लोक असतील तर थोडे थांबा. वळचणीत हात घालून डबी काढणारा माणूस बघणाऱ्याला संशयास्पद वाटणारच. २०११ साली इंग्लंडमधल्या वेदरबी गावात अशाच एका डबीपायी बॉम्बशोधक पथक आले आणि ती स्फोटाने उडवून दिली गेली. कोणी हटकले तर थापा न मारता खेळ सांगून टाका. कित्येकदा विचारणाराच आपल्याबरोबर शोधू लागतो. आणि कुंपण चढावे लागत असेल, भिंतीचा दगड उपसावा लागत असेल किंवा विजेची पेटी उघडावी लागत असेल, तर तुम्ही चुकीच्या जागी शोधता आहात.

आता दोन शब्द आम्हा जुन्यांना. नव्याने नोंदीत नुसते टिंब टाकले म्हणून सर्वांदेखत टोमणा मारला की तो पुन्हा फिरकत नाही. मी अशांना खासगी निरोप पाठवते: डबा कोरडा होता का, वहीत जागा उरली आहे का, एवढेच विचारते. बहुतेक जण उत्तर देतात आणि पुढची नोंद दोन-तीन ओळींची येते.

आपली,
एक जिओकॅशर

ता. क. पेन घरून न्या. छोट्या डबीत ते मावत नाही, आणि वहीत सही नसेल तर मालक ऑनलाइन नोंद खोडू शकतो.