विज्यास पत्र : पेटीची सायकल

विश्रामबाग, सांगली
रविवार, रात्री उशिरा

प्रिय विज्या,

फोनवर सांगितलं तर तू आधी पोटभर हसशील आणि मग वाद घालशील, म्हणून लिहितोय. इकडं सगळे ठीक. आईचा गुडघा आहे तसाच.

तर गड्या, कार्गो सायकल आली! तू कोपनहेगनहून फोटो पाठवायचास ती लाँग जॉन, दोन चाकांची, हँडल आणि पुढच्या चाकाच्या मधे जमिनीलगत पेटी. सांगलीत तयार मिळेना, मग कुपवाडच्या एका फॅब्रिकेटरकडनं करून घेतली. हँडलपासून पुढच्या चाकापर्यंत खालनं रॉड जातो, त्याचा बॉल जॉइंट जरा ढिला राहिला की हँडल वळतं आणि चाक विचार करत बसतं. मोटर २५० वॅटच्या आतली, वेग ताशी २५ च्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या खाली, त्यामुळं लायसन-पासिंगची कटकट नाही.

गणपती पेठेतनं किराणा आणला. तांदळाचा २५ किलोचा कट्टा तळाला, हँडलच्या बाजूला, त्याच्या पुढं तेलाचा डबा, वर झाडू आणि पापडाची पाकिटं. वजन खाली असल्यानं डुगडुगत नाही. मारुती चौकात गाड्या हॉर्न वाजवत उभ्या, मी कडेनं पसार. एका आजींनी थांबवून विचारलं, "पाव ताजे आहेत का रे?"

खरी गोची पुढं आहे. ही म्हणते, ओवीला शाळेत यातनंच सोड. ओवी तर पेटीत बसून भोंगा वाजवायला लागलीय. पाट बसवीन, बेल्ट लावीन, ते काही अवघड नाही. पण हरभट रोडला बोळातनं बाहेर येताना मला रस्ता दिसायच्या आधी पेटी रस्त्यात गेलेली असते. पेटीत कट्टा असला तर फाटेल, तांदूळ सांडेल, भरून घेऊ. तिथं पोरगी बसलेली डोळ्यांपुढं आणली की हात आपोआप ब्रेकवर जातो. आणि भरल्या पेटीला ब्रेक जरा उशिराच लागतो, तेही आहेच.

फॅब्रिकेटर म्हणतो तीन चाकं करू, तुमच्या कोपनहेगनच्या क्रिस्तियानिया वस्तीत १९८४ साली पहिल्यांदा केली तशी. उभी असताना कलंडत नाही, मान्य. पण वळणावर वेग राहिला तर आतलं चाक उचलतं, हे तूच सांगितलं होतंस. तिथं तुला सायकलचा वेगळा, उंच काठाचा रस्ता. इथं उजवीकडनं वडापची जीप, डावीकडनं बुलेट, समोरनं उलटा आलेला भाजीचा गाडा. तुझ्या सोन्याला पेटीत घालून तू पहिल्यांदा निघालास तेव्हा काय केलंस? खरं सांग, हुशारी नको.

आणि सायकलवरनं पडलेल्या त्या गॅसच्या टाकीचा जुना विषय काढू नकोस. मी हँडल धरलं होतं, मागनं टाकी तू सोडलीस. बापूसुद्धा हेच सांगतो.

नवी नोकरी लागल्याचं कळलं, झकास. घर मिळालं का? वहिनींना नमस्कार.

सध्या शाळेला रिक्षाच. जूनच्या आत कळव, आणि सोन्याच्या बेल्टचा जवळनं फोटो पाठव, खांद्यावरचे पट्टे पेटीला कुठं अडकवलेत ते दिसेल असा.

तुझा,
पप्या