मंडळाचा हिशोब आता माझ्याकडे आलाय

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

फोनवर निवांत बोलणं होत नाही, तुमची रात्र म्हणजे माझी ऑफिसची गडबड, म्हणून लिहितेय. आमच्या इथल्या छोट्या मराठी मंडळाची मी यंदा खजिनदार झालेय. हातात काय मिळालं तर बुटांचा एक खोका, त्यात हॉलच्या पावत्या, केटररची बिलं, काही तर इतकी फिकी पडलीयत की दिव्यासमोर धरून वाचावी लागतात. तीन रात्री डायनिंग टेबलवर वर्षावार गठ्ठे लावत बसले होते.

पैसे मंडळाकडे कधीच फार नव्हते. वर्गणी आणि गणपती-दिवाळीची तिकिटं एवढीच जमा, त्यातलं निम्म्याहून जास्त हॉलचं भाडंच खातं. २०२० मध्ये कार्यक्रमच झाले नाहीत, वर्गणी कोण देणार, पण इन्शुरन्स आणि वेबसाइटचे पैसे भरावेच लागले, ते सगळे शिल्लकीतून गेले. ते हळूहळू भरूनही आलं. मला घाबरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. वर्षाला साधारण ५०,००० डॉलरच्या आत जमा असलेल्या संस्थेला इथे अमेरिकेत टॅक्स खात्याकडे ९९०-एन नावाचा छोटासा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, फी नाही काही नाही, दहा मिनिटांचं काम. पण सलग ३ वर्षं राहिला की करसवलत आपोआप जाते! २०११ मध्ये अशी सवलत गेलेल्यांची पहिली यादी लागली तेव्हा पावणेतीन लाखांच्या आसपास संस्था त्यात होत्या. आमचे सलग २ राहिलेले निघाले, जुने खजिनदार दुसऱ्या राज्यात गेले आणि नव्यांना वाटलं ते भरतायत. तिसरा मी काल रात्री भरला, मुदत १५ मेची होती. राहिला असता तर २७५ डॉलर भरून पुन्हा अर्ज, आणि वर वर्गणीदारांना काय तोंड दाखवायचं.

बाबा, तुम्ही वाचनालयाची कीर्द लिहायचात ते सारखं आठवतंय. शिल्लक जुळल्याशिवाय उठायचा नाहीत, आई ताट झाकून ठेवायची, एकदा तर ७ रुपयांसाठी रात्रीचे अकरा वाजले होते. तेव्हा मला राग यायचा. आता मला तशीच वही घालायचीय, एक्सेल आहेच पण पुढच्या माणसाच्या हातात देता येईल अशी वही पण हवी. माळ्यावरच्या पेटीत जुनी कीर्द असेल, तिच्या एका पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा ना, रकाने नीट दिसू देत, आणि माळ्यावर तुम्ही चढू नका, दादाला सांगा.

तुमची,
ताई